बाजारचा खाऊ

नगर जिल्ह्यात खाण्यासाठी फिरायचं असेल तर हॉटेलांची नावं विचारत बसू नये, गावांचे वार पाठ करावेत. बुधवारी लोणी, शुक्रवारी घोडेगाव, शनिवारी काष्टी. एरवी या गावांत चहा मिळतो, वडापाव मिळतो, एखादी बरी मिसळही मिळते. पण ज्यासाठी वाट वाकडी करून यावं ते बाजाराच्या दिवशीच चुलीवर चढतं आणि संध्याकाळी पालं उठली की संपतं.

जिल्ह्याचं नाव 2024 साली अहिल्यानगर झालं. क्षेत्रफळ 17 हजार चौरस किलोमीटरच्या वर, तालुके 14, महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा. पश्चिमेला अकोले तालुक्यातल्या घाटघरला पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो आणि पूर्वेला पाथर्डी, कर्जतकडे पाचशेच्या आसपासच. इतक्या पसरलेल्या आणि बहुतांश कोरड्या मुलखात बाजाराचं गाव म्हणजे बैलगाडीने पहाटे निघून गाठायचं आणि रात्री उशिरा परतायचं ठिकाण होतं. अंतर मोठं, वाटेत ऊन, सावली तुरळक. बाजारकरू स्वतः काय खाई, हे त्यामानाने साधं होतं: घरून बांधून आणलेली भाकरी, ठेचा, कांदा. त्याचा खरा विचार घरी काय न्यायचं याचा असे. पोरं वेशीपर्यंत पळत येणार, त्यांच्या हातावर काहीतरी ठेवायला हवं. आणि ते काहीतरी उन्हात न वितळणारं, हिसक्यांनी न मोडणारं, उपरण्याच्या टोकाला बांधलं तरी टिकणारं हवं. गोडीशेव, रेवडी, भत्ता, फुटाणे, पेढे. या बाजारगावांची चव या परतीच्या वाटेने घडवली आहे असं मला ठामपणे वाटतं. पंगतीतलं आणि सणावारातलं खाणं वेगळं. बाजाराचं खाणं चालणाऱ्या माणसाचं आहे.

काष्टी श्रीगोंदा तालुक्यात, दौंडहून नगरकडे येताना भीमा ओलांडली की लागणारं गाव. शनिवारच्या बाजाराची जनावरं शुक्रवारी रात्रीपासूनच टेम्पोंतून उतरायला लागतात. पहाटे तळावर खिलार बैल, जर्सी आणि होल्स्टीन गाई, शेळ्या, त्यांचा उष्ण वास, आणि त्या वासातूनच वाट काढत येणारा तापलेल्या तेलाचा वास. खाऊवाल्यांची पालं तळाच्या कडेने, रस्त्याच्या अंगाला. चार बांबू, वर ताडपत्री, खाली चुलाण. पहिला घाणा उजाडायच्या आत पडावा लागतो, कारण लांबचा गिऱ्हाईक दहा-अकरालाच परतीला लागतो.

मी ज्या गोडीशेवेच्या पालाशी उभा राहिलो तिथे नवरा, बायको आणि त्यांचा मोठा मुलगा अशी तिघं होती. बेसन मावशींनी रात्रीच चाळून ठेवलेलं. त्यात गरम तेलाचं मोहन, चिमूट मीठ, पाणी अगदी जपून. पीठ घट्ट हवं. सैल झालं तर शेव तेल पिते आणि नंतर पाक धरत नाही. कढईवर आडवी लाकडी चौकट, तिच्यावर मोठ्या भोकांचा झारा, आणि त्या झाऱ्यावर तळहाताने पीठ रगडायचं. जाड शेव खाली तेलात पडते. विस्तव मंद. इथे घाई केली की शेव बाहेरून लाल आणि आतून कच्ची राहते, आणि कच्ची शेव पाकात गेली की मऊ पडते. रंग फिकट पिवळा राहिला पाहिजे. गूळ पुढे रंग देणारच आहे.

तळलेली शेव परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यायची. दुसऱ्या चुलीवर गूळ. भीमेच्या पलीकडे दौंड तालुक्यात गुऱ्हाळं पुष्कळ, त्यामुळे इथे गुळाची वानवा नाही. फोडलेल्या गुळात पाणी बेताचं, उकळी आली की वर येणारी मळी झाऱ्याने काढत राहायची, सुंठ आणि वेलदोडा शेवटी. मग पाण्याच्या वाटीत थेंब टाकून बघायचं. थेंब विरघळला तर अजून वेळ आहे, बोटांत त्याची गोळी वळली तर पाक उतरवायचा. काका हे थर्मामीटरवर करत नाहीत, वाटीतही दोनदाच बघतात. बुडबुड्यांचा आकार लहान होत गेला, त्यांचा आवाज जड झाला की त्यांचा हात आपोआप कढईच्या कानांकडे जातो.

पुढची दोन-तीन मिनिटं सगळ्यात मोलाची. पाक शेवेवर ओतायचा आणि दोन मोठ्या उलथन्यांनी खालून वर, खालून वर घोळत राहायचं. सुरुवातीला सगळं चिकट, काळपट, एकाच ढेपेत. मग हळूहळू शेव सुटायला लागते, अंगावरची चमक जाते, आणि कोरडी, दाणेदार, पांढुरकी झाक येते. पाक थोडा पुढे गेला असता तर चिक्कीसारखा दगड झाला असता. मागे राहिला असता तर दुपारच्या उन्हात शेव पाघळून कागदाला चिकटली असती. घोळणाऱ्या मुलाच्या दंडावर घाम आणि गुळाचे बारीक चटके. मी मूठभर घेतली. आधी गुळाचा खमंगपणा, मग सुंठेचा घशाला लागणारा झणका, शेवटी हरभऱ्याच्या पिठाची भाजकी चव. कुठल्याही शहरी मिठाईपेक्षा मला ही शेव सरस वाटते, कारण तिच्यात लपवायला काही नाही: डाळ, गूळ, तेल आणि वेळेचं भान.

ज्या जिल्ह्यात महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात झाली, तिथल्या बाजारात आजही गूळ साखरेच्या पुढे आहे याचं मला फार कौतुक वाटतं. लोणीच्या बुधवारच्या बाजारापासून प्रवरानगरचा कारखाना हाकेच्या अंतरावर. विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना घेऊन तो उभा केला, धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले, आणि 1950 साली चिमणी धुरावली. साखरेच्या पाकातली पांढरी शेवही पालावर असते. ती स्वच्छ दिसते, भेट द्यायला बरी. पण म्हाताऱ्या बायांचा हात गुळाच्या ढिगाकडे जातो.

जिलेबीची गोष्ट वेगळी. ती न्यायची नाही, उभ्यानेच खायची. आदल्या रात्री आंबवलेलं मैद्याचं पीठ, मधोमध भोक पाडलेलं जाड फडकं, आणि पसरट तई. फडक्याची मोट मुठीत आवळून तेलावर वेटोळी सोडायची, पालटायची, काडीने उचलून थेट पाकात. पीठ नीट आंबलेलं असेल तर जिलेबीला मागे किंचित आंबूस चव राहते, आणि तीच खरी. काष्टीला जिलेबीच्या तईजवळ गर्दी सकाळी नऊनंतर वाढते, कारण तेव्हा सौदे जमायला लागलेले असतात. हेडे, म्हणजे जनावरांचे व्यापारी, आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करतात. बघणाऱ्याला फक्त रुमालाची हालचाल आणि दोघांचे निर्विकार चेहरे दिसतात. जमलं की टाळी पडते, इसार दिला जातो आणि मंडळी चहा-जिलेबीकडे वळते. बैल विकणाऱ्याच्या तोंडी ती जिलेबी कशी लागत असेल हे विचारायला माझी जीभ धजावली नाही. वर्षानुवर्षं सांभाळलेलं जनावर दुसऱ्याच्या टेम्पोत चढताना त्याने पाहिलेलं असतं.

2022 च्या सप्टेंबरात लम्पी त्वचारोगाच्या साथीमुळे राज्यभर जनावरांचे बाजार बंद झाले. जनावरांच्या नुकसानीची चर्चा झाली, व्हायलाच हवी होती. पण त्या बाजारांबरोबर खाऊची पालंही बंद पडली, त्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. बाजार उघडला तरच या लोकांची चूल पेटते. त्यांना दुकान नाही, पाटी नाही; सात वारांची सात गावं हेच त्यांचं दुकान.

घोडेगाव नेवासे तालुक्यातलं, नगर-संभाजीनगर रस्त्यावरचं. म्हशींसाठी प्रसिद्ध, कांद्याच्या लिलावासाठीही. इथे मी खाऊपेक्षा जेवणाला जास्त मार्क देईन. शुक्रवारी खानावळींत बाजरीची भाकरी थापण्याचा आवाज थांबत नाही. बाजरीच्या पिठाला चिकटपणा नसतो, म्हणून ते गरम पाण्यात मळून, तळव्याने रगडून एकजीव करावं लागतं. हे आळसाने केलं की भाकरीच्या कडा फाटतात. सोबत काळ्या मसाल्याचा मटणाचा रस्सा, वर तर्री, बाजूला फोडलेला कांदा आणि लिंबू. घरांत मात्र मी येसराची आमटी शोधतो. येसर म्हणजे धान्य, डाळी, धणे, मिरची भाजून दळलेलं पीठ. पाण्यात कालवून फोडणीला टाकलं की आमटी तयार. लग्नाकार्यात या भागात ती हमखास असते, पण खानावळींच्या फळ्यावर तिचं नाव मला क्वचितच दिसलं. हे पीठही महिनोन्‌महिने टिकणारं, गाठोड्यात बांधून नेण्याजोगं.

पाथर्डी तालुक्यातलं मढी बाजारगाव नाही, यात्रेचं गाव आहे. पण खाऊच्या नकाशातून त्याला वगळता येणार नाही. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत कानिफनाथांची यात्रा चालते, आणि तिथला गाढवांचा बाजारही प्रसिद्ध आहे. कैकाडी, वडार, गोपाळ, बेलदार, वैदू अशा पायावर जगणाऱ्या जमाती इथे पिढ्यान्‌पिढ्या येत आल्या. त्यांच्या मुक्कामी परत जाणारा प्रसाद म्हणजे रेवडी. पाक तापवून थाळ्यात ओततात, हाताला सोसेल इतका निवला की त्याची जाड वळी करून भिंतीतल्या खुंटीला अडकवतात आणि ओढतात. ओढायचं, दुमडायचं, पुन्हा खुंटीवर टाकून ओढायचं. आत हवा शिरत जाते तसा तपकिरी पाक फिकट होत होत रेशमी पांढरा होतो. दोन माणसं आळीपाळीने ओढतात. निवला तर ताणला जात नाही, म्हणून थांबायची सोय नाही. मग लांब दोरी, तिचे तुकडे, आणि गरम असतानाच भाजलेल्या तिळात घोळणं. ओढण्यात कसर राहिली तर रेवडी दाताला चिकटते. नीट ओढलेली कुरकुरून मोडते.

राजूर या सगळ्यांपासून दूर, अकोल्याहून भंडारदऱ्याकडे जाताना. इथे मुलूखच बदलतो: भातखाचरं, धुकं, पावसात तग धरणारी काळीपांढरी डांगी जनावरं, ज्यांचं प्रदर्शन राजूरला भरतं. पेढ्यांसाठी हे गाव नावाजलेलं आहे. डोंगरातलं दूध ताजं शहरात पोचवणं एके काळी अशक्यच होतं, मग ते आटवून न्यायचं. म्हशीच्या पाच लिटर दुधाचा जेमतेम किलोभर खवा होतो, आणि तेवढ्यासाठी कढईच्या कडेने उलथनं फिरवणारा हात क्षणभरही थांबत नाही. कडेला धरलेली साय खरवडून आत, तळ मोकळा, पुन्हा कडा. आधी फेस, मग दाटपणा, मग दाणा. साखर घालून परतताना खवा पुन्हा सैल होतो आणि मग कढईपासून सुटायला लागतो. तिथे थांबायचं की अजून दोन मिनिटं परतायचं, हा प्रत्येक पेढेवाल्याचा स्वतःचा निर्णय.

मी ज्या दुकानात घेतले, तिथे वजन करण्याआधी दादांनी विचारलं, कुठवर न्यायचेत. मुंबईपर्यंत, म्हटल्यावर त्यांनी पुढ्यातलं मऊ पेढ्यांचं ताट बाजूला सारलं आणि मागच्या फळीवरचं जास्त परतलेल्या, तांबूस पेढ्यांचं काढलं. मऊ हवे असतील तर इथेच बसून खा, म्हणाले. मी दोन्ही घेतले.