मोटारीचे दिवे आणि रात्रीचा प्रवास

ताशीं ६० किलोमीटर वेगानें धांवणारी मोटार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर अंतर तोडते. म्हणून रात्रीं दिव्यांचा प्रश्न शोभेचा नसून जीविताचा होय. प्रकाश मंद भासला कीं लोक अधिक शक्तीचा बल्ब बसवितात; परंतु दोष बहुधा अन्यत्र असतो. दिव्यावरील प्लॅस्टिकचें आवरण उन्हानें पिवळें पडतें. तारांच्या जोडांवर गंज चढतो, आणि व्होल्टेज किंचित् घटलें तरी हॅलोजन दिव्याचा प्रकाश पुष्कळ घटतो. प्रथम हे दोष दूर करावे.

मग झोताची दिशा पाहावी. टायरांत योग्य हवा भरून, सपाट जागीं, मोटार भिंतीपासून १० मीटरांवर उभी करावी. बहुतेक मोटारींत खालच्या झोताची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षां सुमारें १० सेंटिमीटर खालीं पडावी लागते. भारतांत वाहनें डावीकडून चालतात, म्हणून ती कड डाव्या बाजूस थोडी वर चढलेली असते. कडेचा पादचारी त्यामुळेंच दिसतो. मागें ओझें भरलें कीं झोत वर उचलला जातो, हेंही ध्यानांत ठेवावें.

हॅलोजनसाठीं घडविलेल्या परावर्तकांत एल्. ई. डी. बल्ब घातल्यास प्रकाशाचा उगम बहुधा तंतूच्या नेमक्या जागीं येत नाहीं व झोत विस्कटतो. समोरच्या चालकाचे डोळे दिपतात. आणि तो दिपलेला चालक आपल्याच दिशेनें येत असतो.