पाण्यात म्हैस, पडद्यावर मोल

२०१२ च्या उन्हाळ्यात ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळातल्या खेळात पाच जण मिळून आपलीच जहाजं आपणच फोडत बसले होते. त्यांना वेड लागलेलं नव्हतं. मे महिन्यात खेळात एक नवा नियम आला होता. युद्धात जहाज पाडलं की ते जहाज आणि आतला माल यांच्या किमतीनुसार पाडणाऱ्याला गुण मिळायचे आणि त्या गुणांवर सैन्याच्या दुकानातून मौल्यवान वस्तू घेता यायच्या. मालाची किंमत धरायची ती खेळातल्याच बाजाराच्या सरासरी भावानं. या पाचांनी अशा फुटकळ वस्तू निवडल्या की ज्यांना बाजारात कुत्रंही विचारत नव्हतं. त्या आपापसांतच अवाच्या सवा भावानं घेतल्या-विकल्या आणि सरासरी आभाळाला टेकवली. मग तोच माल आपल्याच दुसऱ्या खात्याच्या जहाजात भरला आणि ते जहाज फोडलं. पुन्हा भरलं, पुन्हा फोडलं. जवळपास पाच लाख कोटी इस्क इतकी कमाई झाल्यावर प्रकरण चव्हाट्यावर आलं, आणि खेळ चालवणाऱ्या आइसलँडच्या सीसीपी कंपनीनं ती सगळी काढून घेतली. (इस्क हे खेळातलं चलन. आइसलँडच्या खऱ्या क्रोनाचं लघुरूपही तेच आहे, हा अर्थातच योगायोग नाही.)

यात कुणाच्या खात्यातून चोरी झाली नव्हती, कुणाचा पासवर्ड फुटला नव्हता. कंपनीच्या संगणकानं एका आकड्याला भाव मानून घेतलं, एवढंच झालं. माणसंही रोज तेच करतात. खेळांतल्या बाजाराविषयीचे बहुतेक गैरसमज याच एका जागी उगवतात.

‘पडद्यावर दिसतो तो भाव’

‘रुनस्केप’ हा केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा खेळ २००१ पासून चालू आहे. त्यातल्या बाजाराचं नाव ग्रँड एक्स्चेंज. वस्तूवर बोट ठेवलं की तिथं एक किंमत दिसते, आणि नवखा खेळाडू ती दुकानातल्या छापील किमतीसारखी वाचतो. ती असते झालेल्या सौद्यांची सरासरी, म्हणजे कालपरवाची बातमी. आजचा भाव घेणारे आणि विकणारे यांच्या बोलींत दडलेला असतो, आणि त्या बोली खेळात कुणाला दिसत नाहीत.

म्हणून इथले मुरलेले व्यापारी एक साधी चाचणी करतात. आधी एक नग मुद्दाम चढ्या बोलीनं घ्यायचा, मग तोच मुद्दाम पाडून विकायचा. एक्स्चेंजचा नियम असा की आधी लावलेल्या बोलीचा भाव धरला जातो आणि फरक नंतर येणाऱ्याला परत मिळतो. त्यामुळे चढ्या बोलीनं घेताना सगळ्यात स्वस्त विक्रेता कितीला बसलाय ते कळतं, आणि पाडून विकताना सगळ्यात उदार गिऱ्हाईक कितीला तयार आहे ते. यालाच मार्जिन तपासणं म्हणतात. दोन सौद्यांत थोडं नुकसान होतं, पण म्हैस पाण्याबाहेर काढून बघता येते.

ईव्हमध्ये बोली उघड दिसतात, म्हणून तिथं फसवणूक होणार नाही असं वाटेल. तिथल्या जिता या सगळ्यात गजबजलेल्या पेठेत वर्षानुवर्षं एक डाव चालायचा. एखादी दुर्मीळ वस्तू कुणीतरी विकायला ठेवलेली असे, समजा दहा कोटींना, आणि शेजारीच तीच वस्तू पंधरा कोटींना घ्यायला तयार असलेली बोली. बघणाऱ्याला वाटे, घबाड सापडलं. तो धावत दहा कोटींना वस्तू घेई आणि पंधरा कोटींच्या गिऱ्हाइकाकडे जाई, तर ती बोली त्याच क्षणी रद्द होई. कारण एक ठरावीक कौशल्य शिकलं की पूर्ण रक्कम न भरता, थोड्याशा अनामतीवर बोली लावता यायची, आणि त्या गिऱ्हाइकाच्या खात्यात छदामही नसायचा. विकणारा आणि घेणारा अर्थातच एकच. पुढे सीसीपीनं ही अनामतीची सवलतच काढून टाकली. डाव मात्र शिकवण्यासारखा आहे. आकडा खरा, बोली खरी, फक्त तिच्यामागे पैसा नाही.

‘पैसा ओतला की कुठल्याही मालाचा भाव चढवता येतो’

हा समज बहुतेकदा हरलेल्या माणसाच्या तोंडी असतो. दिवसाला लाखो नग खपणारा माल, म्हणजे जादूसाठी लागणारे रून, मासे, कोळसा, एकट्यादुकट्याला हलवणं जवळपास अशक्य. भाव जरा वर गेला की ज्यांच्या पेटाऱ्यात तो माल पडून आहे असे हजारो खेळाडू तो बाजारात आणतात, आणि चढवणाऱ्याला सगळ्यांचा माल घेत बसावं लागतं. आवक थांबतच नाही.

शिवाय ग्रँड एक्स्चेंजवर प्रत्येक वस्तूला दर चार तासांची खरेदीमर्यादा आहे. स्वस्त मालाला ती हजारांत असते, पण अतिमहाग शस्त्रांना आठ नगांसारखी तुटपुंजी. वर्गणी भरणाऱ्या खेळाडूला एका वेळी आठच बोली लावता येतात, फुकट खेळणाऱ्याला तीन. म्हणून भाव फिरवणारे नेहमी पातळ बाजार शोधतात, म्हणजे जिथं दिवसाला मोजकेच सौदे होतात आणि आवक कमी आहे अशा वस्तू. तुम्ही रोज वापरता ती वस्तू महागली असेल, तर टोळीपेक्षा दुसरं काहीतरी कारण असण्याची शक्यता जास्त.

‘टोळीत शिरलं की सगळ्यांचं भलं’

चार तासांची ती मर्यादा एका माणसाला अडवते. पाचशे माणसांना नाही. एकाला आठ नग मिळत असतील, तर पाचशे जणांना चार हजार. त्यातूनच २००८ नंतर रुनस्केपमध्ये ‘मर्चंटिंग क्लॅन’ म्हणजे व्यापारी टोळ्या फोफावल्या. आज अमुक वस्तू घ्या, अमुक तारखेपर्यंत कुणी विकू नका, भाव दुप्पट होईल, असा निरोप शेकडो जणांना एकदम जायचा आणि भाव चढायचाही.

त्या काळाची एक गंमत होती. चोरीच्या क्रेडिट कार्डांवर खाती उघडून खेळातलं सोनं खऱ्या पैशांना विकणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. तो मोडायला जॅगेक्सनं २००७ च्या अखेरीस आणि २००८ च्या सुरुवातीला दोन खेळाडूंमधल्या खुल्या देवघेवीवर कडक बंधनं आणली. नुकतंच उघडलेलं ग्रँड एक्स्चेंज हाच राजमार्ग उरला, आणि तिथंही ठरलेल्या भावाच्या फार तर पाच टक्के वर किंवा खाली बोली लावायची मुभा. हेतू असा की कुणी कवडीच्या वस्तूला लाख देऊन पैसा गुपचूप सरकवू नये. पण या पिंजऱ्यामुळे भाव एखाद्या जिन्यासारखा झाला, आज एक पायरी, उद्या एक पायरी. भाव चढवणाऱ्या टोळीला यापेक्षा सोयीचं काय असणार? चढण किती दिवस चालेल याचा अंदाज आधीच बांधता यायचा.

उतरण मात्र फक्त पहिल्या काहींसाठी होती. टोळीचा म्होरक्या आणि त्याचे चार यार माल आधीच, जुन्या भावानं भरून ठेवत. मग आतल्या वर्तुळाला निरोप, मग बाहेरच्या, आणि सगळ्यात शेवटी सर्वसामान्य सभासदांना. शेवटचे लोक घ्यायला धावत तेव्हा त्यांना विकत कोण होतं? म्होरक्याच. ‘कुणी विकू नका’ हा आदेश त्याच्या विक्रीला आडोसा होता. भाव घसरू लागला की पाच टक्क्यांचा तोच जिना उलटा व्हायचा. दिसणाऱ्या भावाच्या फार खाली जाऊन विकता येत नाही, आणि त्या भावाला गिऱ्हाईक नाही. माल अंगावर पडायचा, आणि रोज थोडा थोडा स्वस्त होताना बघत बसावं लागायचं.

मला यात सगळ्यात खटकतं ते असं की सावज बाहेरचं नसायचंच. ज्याला ती वस्तू खरोखर वापरायची होती, तो बहुधा चार दिवस थांबे किंवा दुसरी वस्तू घेई. नाडला जायचा तो टोळीचाच शेवटच्या रांगेतला सभासद, ज्याला आपण डाव टाकणाऱ्यांपैकी आहोत असं वाटत होतं. दलाल स्ट्रीटवर ‘टिप’ ऐकून शेअर घेतलेल्या कुठल्याही माणसाला ही रांग ओळखीची वाटेल.

देवघेवीची बंधनं पुढे उठली. जॅगेक्सनं खेळाडूंचं मत मागवलं, बारा लाखांहून अधिक मतं पडली, ९१ टक्के खुल्या व्यवहाराच्या बाजूनं, आणि १ फेब्रुवारी २०११ ला खुली देवघेव परत आली. पाच टक्क्यांची चौकटही गेली. टोळ्या संपल्या नाहीत, पण भावाला मोकळं पडता येऊ लागल्यावर जिन्याचा खात्रीचा धंदा बसला.

‘भाव फिरवणं म्हणजे घेऊन दडवणं’

साठेबाजी हा त्यातला आळशी प्रकार. २०११ च्या शेवटी ईव्हमधल्या गूनस्वार्म या बलाढ्य गटानं ऑक्सिजन आयसोटोप नावाचं इंधन आधी मुबलक भरून ठेवलं. ते गॅलेंटे या साम्राज्याच्या हद्दीतल्या बर्फातून निघतं. मग त्यांनी त्या हद्दीत बर्फ खणणाऱ्यांची जहाजं दिसेल तिथं उडवायला सुरुवात केली. इंधनाशिवाय अवकाशतळ आणि मोठी जहाजं चालत नाहीत. आवक आटली, भाव कडाडला, आणि साठा कुणाकडे होता ते वेगळं सांगायला नको.

पुढच्याच वर्षी टेक्नेशियम या खनिजाचे चंद्र ताब्यात असलेल्या, एरवी एकमेकांच्या जिवावर उठलेल्या गटांनी चक्क ‘ओपेक’च्या धर्तीवर ‘ओटेक’ नावाचा संघ काढून भाव टिकवून धरला. तो मोडला तो कुठल्या लढाईनं नाही. सीसीपीनं टेक्नेशियमपासून बनणारा माल दुसऱ्या खनिजांपासून मिळवण्याची सोय खेळात आणली, आणि मक्तेदारीच्या पायाखालची जमीन सरकली.

‘हे बेकायदा आहे, तक्रार केली की कारवाई होते’

शेअरबाजारात भाव फुगवले तर सेबी मागे लागते. खेळातल्या तलवारी रोख्यांत मोडत नाहीत, त्यामुळे तिथं चालतो तो खेळाचा करार. ईव्हमध्ये बाजारातली लबाडी हा खेळाचा भाग मानला जातो. वर सांगितलेल्या पाच जणांची कमाई गेली ती नियमातल्या फटीचा गैरफायदा घेतल्यामुळे. स्वस्त घेऊन महाग विकणं रुनस्केपमध्येही गुन्हा नाही. खेळातलं सोनं बाहेर खऱ्या पैशांना विकलंत, तर मात्र खातं जाऊ शकतं.

पण म्हणून हा सगळा पोरखेळ आहे असंही नाही. जॅगेक्स स्वतः ‘बाँड’ विकते. तो खऱ्या पैशांना घ्यायचा आणि एक्स्चेंजवर खेळातल्या सोन्याला विकायचा. ज्याच्याकडे सोनं आहे तो बाँड घेऊन चौदा दिवसांची वर्गणी चुकवतो. बाँडचा भाव म्हणजे विनिमयाचा दरच. व्हेनेझुएलाचं चलन कोसळलं तेव्हा तिथली माणसं रुनस्केपमध्ये ड्रॅगन मारून, ते सोनं नियमाबाहेर विकून घर चालवत होती.

‘भाव उडाला, म्हणजे कुणीतरी खेळी केली’

२०२५ च्या ऑक्टोबरात ‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळातल्या सुऱ्यांचे भाव एका रात्रीत कोसळले. या सुऱ्या, म्हणजे खरं तर सुरीवरची नक्षी किंवा ‘स्किन’, पेटी उघडून मिळायच्या, आणि तशी दुर्मीळ वस्तू निघण्याची शक्यता ०.२६ टक्के, म्हणजे हजार पेट्यांत अडीच-तीन. त्यावरच हजारो डॉलरांचे भाव उभे होते. हा खेळ चालवणाऱ्या वॉल्व्ह कंपनीनं एक अपडेट आणलं आणि पाच लाल दर्जाच्या स्किन देऊन सुरी किंवा हातमोजे मिळवायची सोय केली. लाल स्किन भडकल्या, सुऱ्या पडल्या, आणि बाजाराचा हिशेब ठेवणाऱ्यांच्या अंदाजानं सुमारे दोनशे कोटी डॉलरांचं मूल्य विरघळलं. यामागे ना टोळी होती, ना साठेबाज. टांकसाळीचा मालक जागा झाला, इतकंच.

खेळांतल्या बाजारात सगळ्यात मोठा हात नेहमी कंपनीचा असतो. बॉट, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रॅम चालवतो अशा, खात्यांवर बंदीची लाट आली की त्यांनी गोळा केलेला माल तुटतो आणि महागतो. एखादं शस्त्र कमजोर करणार अशी नुसती घोषणा झाली तरी ते त्याच तासात पडतं. आणि रुनस्केपच्याच ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’ या आवृत्तीत तर कंपनी उघडपणे बाजारात उतरते. २०२१ च्या डिसेंबरपासून तिथं विकणाऱ्याकडून कर घेतला जातो, सुरुवातीला १ टक्का. २०२५ च्या मेमध्ये तो २ टक्के झाला, एका वस्तूमागे जास्तीत जास्त पन्नास लाख नाणी. हातोडी, छिन्नी अशी नवख्यांची अवजारं करातून वगळली आहेत. थोड्या फायद्यावर शंभर फेऱ्या मारणाऱ्या व्यापाऱ्याला हा कर बोचतो. त्यातून जमलेल्या सोन्यातल्या काही भागानं कंपनी एक्स्चेंजवरून ठरावीक महागड्या वस्तू विकत घेते आणि नष्ट करते, म्हणजे त्यांचा सुकाळ होऊन भाव मातीमोल होऊ नये. या वस्तूंची यादी कंपनीनं जाहीर केलेली आहे.