पाहुणा दोन रात्रींचा, सही मात्र आपली

मनीषनगरात संध्याकाळी भाजी आणायला निघालं की हल्ली एक दृश्य हमखास दिसतं. चाकांची बॅग ओढत, मोबाइलवरचा पत्ता आणि इमारतीवरची पाटी ताडून बघणारी माणसं! कुणाचा पेशंट एम्समध्ये असतो, कुणाला पहाटेचं विमान गाठायचं असतं, कुणी मिहानमध्ये मुलाखतीला आलेलं असतं. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन, जामठ्याला क्रिकेटचा सामना, दसऱ्याला दीक्षाभूमी, म्हणजे नागपूरला पाहुण्यांची वाण कधी पडत नाही. त्यात विमानतळ हाकेच्या अंतरावर, आणि वर्धा रोडवर २०१९ पासून मेट्रो. मग ज्यांचा दुसरा फ्लॅट रिकामा पडलाय त्यांना वाटतं, भाडेकरू ठेवण्यापेक्षा रोजच्या हिशेबाने दिला तर काय वाईट?

वाईट काहीच नाही. पण मैत्रिणींनो, आधी एक प्रश्न स्वतःला विचारा. हा फ्लॅट कुणाच्या नावावर आहे?

पुष्कळ घरांत तो बाईच्या नावावर असतो. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात फक्त स्त्रीच्या नावाने राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. चाळीस लाखांच्या फ्लॅटवर चाळीस हजार वाचले, म्हणून यजमान मोठ्या कौतुकाने सांगतात, "हिच्या नावावर घेतलाय." पुढे काय होतं बघा. ॲपवर नोंद मुलगा करतो, पैसे यजमानांच्या खात्यात जमा होतात, चादरी बदलणं आणि बाथरूम घासून घेणं आपल्याकडे येतं. आणि महापालिकेचा किंवा पोलिसांचा कागद आला तर त्यावर नाव असतं आपलं! म्हणून हे नियम "ते बघतील" म्हणून सोडून देण्यासारखे नाहीत.

पहिली गोष्ट, येणारा माणूस भाडेकरू की पाहुणा, हे ठरवा. सगळे नियम इथून फुटतात.

अकरा महिन्यांसाठी एखादी नोकरदार मुलगी ठेवलीत तर तो झाला लिव्ह अँड लायसन्सचा करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि वाचतं किती, तर अगदी थोडं. महिना दहा हजार भाडं आणि तीस हजार डिपॉझिट धरा. अकरा महिन्यांचं भाडं १,१०,०००. डिपॉझिटवर दहा टक्के व्याज धरतात, ते अकरा महिन्यांचं २,७५०. एकूण १,१२,७५०, त्याचा पाव टक्का म्हणजे २८२ रुपये मुद्रांक शुल्क, ते वरच्या शंभरात तीनशे धरा. नोंदणी फी शहरात हजार रुपये. एवढ्यासाठी शंभराच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून "झालं काम" म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

दोन रात्रींच्या पाहुण्याशी असा करार कुणी करत नाही. मग तो तुमचा भाडेकरू राहत नाही, लॉजमधल्या गिऱ्हाइकाच्या जवळ जातो, आणि तुमचा फ्लॅट लॉजच्या जवळ! गोव्यात या बाबतीत सरळ कायदा आहे. तिथे १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली अशा घरांची नोंद करावी लागते. न्यूयॉर्कमध्ये तर सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांहून कमी मुदतीसाठी घर द्यायचं तर शहराकडे नोंदणी लागते, यजमानाने स्वतः त्या घरात राहावं लागतं आणि दोनपेक्षा जास्त पाहुणे ठेवता येत नाहीत. आपल्याकडे सगळं एकाच खिडकीवर होत नाही, दोन-चार दारं आपणच ठोठवायची असतात.

त्यातलं पहिलं दार महापालिकेचं. मालमत्ता कराच्या नोंदीत घराचा वापर काय ते लिहिलेलं असतं. घरमालक राहतो, भाड्याने दिलंय, की वापर अनिवासी आहे. अनिवासी वापराचा दर जास्त. रोज नवा माणूस उतरत असताना नोंदीत "स्वतः राहतात" असंच राहिलं, तर पुढे फरकाची मागणी येऊ शकते. म्हणून लेखी अर्ज देऊन विचारा, पोच घ्या आणि पोच फाइलीला लावा. लॉजिंगच्या धंद्याला परवाना लागतो का, तेही त्याच अर्जात विचारून टाका. आणि हो, पुढे बेसा-पिपळ्याच्या बाजूला नागपूर महापालिकेची हद्द संपते. बोलण्यात सगळं "मनीषनगर" असलं तरी कराची पावती कुणाची येते ते बघूनच दार निवडा.

सकाळी पाहुण्याला तर्रीपोहे आणि चहा देणार असाल तर अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी आली. हौसेने दिलं आणि पैसे लावून दिलं यात कायदा फरक करतो, आणि ॲपवर "नाश्त्यासह" लिहिलंत की ते पैसे लावूनच झालं.

आता जीएसटी. या शब्दाला आपण उगीच घाबरतो. सेवेचा धंदा वर्षाला वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. पण हे वीस लाख एका फ्लॅटचे नव्हेत, तुमच्या पॅनवरच्या सगळ्या उलाढालीचे. नावावर दुकान असेल तर त्याचं भाडंही त्यात आलं. ॲपवरून गिऱ्हाईक आलं तर तुमची नोंदणी नसली तरी ॲपवाली कंपनीच पाहुण्याकडून कर घेऊन सरकारात भरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचं भाडं साडेसात हजारांपर्यंत असलेल्या खोलीवर हा कर पाच टक्के आहे, त्याआधी बारा होता. पंधराशेच्या खोलीवर १८० रुपयांच्या जागी आता ७५. पाहुणा थेट फोन करून आला आणि तुमची नोंदणी नसेल, तर त्याच्याकडून "जीएसटीचे" म्हणून एक पैसाही घ्यायचा नाही. नोंदणी नसताना कर गोळा करणं हा गुन्हा ठरतो.

आयकर मात्र वीस लाखांची वाट बघत नाही. आणि इथे नावाची गंमत उलटी होते! यजमानांच्या पैशातून, बायकोने काही मोबदला न देता, घर तिच्या नावावर झालं असेल, तर त्याचं भाडं आयकराच्या हिशेबात यजमानांच्याच उत्पन्नात धरतात. म्हणजे महापालिकेच्या दारात मालकीण तुम्ही आणि आयकराच्या दारात मालक ते. स्वतःच्या पगारातून, माहेरच्या वाट्यातून किंवा स्त्रीधन मोडून घेतलेलं असेल तर उत्पन्न तुमचं. म्हणून घर घेताना कुणाच्या खात्यातून किती गेले, ते बँकेचे उतारे जपून ठेवा. दहा वर्षांनी कुणाला आठवत नाही.

घरभाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मालमत्ता कर आणि उरलेल्यावर तीस टक्के वजावट मिळते, त्याला पावत्या लागत नाहीत. पण चादरी, नाश्ता, साफसफाई अशा सेवांसह रोजच्या रोज देत असाल तर ते उत्पन्न कुठल्या सदरात बसवायचं हा सीएला विचारायचा प्रश्न आहे, आणि तेव्हा धोब्यापासून गिझरच्या दुरुस्तीपर्यंत प्रत्येक पावती कामाला येते. ॲपवाले तुम्हाला पैसे देताना ०.१ टक्का आयकर कापतात. पॅन किंवा आधार दिलेलं असेल तर वर्षाला पाच लाखांपर्यंत व्यक्तीला यातून सूट आहे. मात्र ज्याचा पॅन ॲपला दिलाय त्याच्याच नावे ही रक्कम आयकर खात्यात दिसते. आमच्या ओळखीच्या एका वहिनींकडे फ्लॅट त्यांचा आणि पॅन धाकट्या दिरांचा अशी खिचडी झाली होती. ती निस्तरताना सीएला दोन महिने लागले, आणि दोन्ही घरांत बोलणं बंद!

आता शेजाऱ्यांचं. मला विचाराल तर सगळ्यात अवघड दार हेच. नागपुरात पुष्कळ फ्लॅट योजना सहकारी सोसायटीऐवजी १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली आहेत. खरेदीच्या वेळी मिळालेलं घोषणापत्र, म्हणजे डीड ऑफ डिक्लेरेशन, कपाटातून काढून वाचा. त्यात "फक्त राहण्यासाठी वापर" असं लिहिलेलं असेल तर रोजचे पाहुणे ठेवण्याला हरकत घेण्याचा आधार इतर मालकांना मिळतो. सोसायटी असेल तर बाहेरच्याला जागा दिल्याबद्दल जे बिनभोगवटा शुल्क घेतात ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त असू शकत नाही, असा सरकारचा आदेश २००१ पासून आहे. कुणी मनाला येईल तो आकडा सांगितला तर हे सांगा. पण त्यांच्या बाजूनेही जरा बघावं. रात्री दोनला लिफ्टमधून अनोळखी माणसं येतात, मे महिन्यात टाकीतलं पाणी संपतं, पार्किंगमध्ये बाहेरगावची गाडी आडवी लागते. ज्या घरात वयात आलेल्या मुली आहेत त्यांना काळजी वाटली तर ती खोटी म्हणता येत नाही.

स्वतः राहतो त्याच घरातली एखादी खोली देणं मला म्हणूनच जास्त बरं वाटतं. केंद्राच्या अतुल्य भारत बेड अँड ब्रेकफास्ट योजनेतही मालकाने कुटुंबासह तिथेच राहायची अट आहे आणि एक ते सहा खोल्या देता येतात. रिकामा दुसरा फ्लॅट त्यात बसत नाही. शिवाय महाराष्ट्र सरकारचं २०२३ चं 'आई' नावाचं महिला पर्यटन धोरण आहे. व्यवसाय स्त्रीच्या मालकीचा आणि पर्यटन संचालनालयाकडे नोंदलेला असेल, तर पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळण्याची त्यात सोय आहे. इथे मात्र नाव आपलं असण्याचा खरा उपयोग होतो. अर्ज करताना मालकीण कागदावरची नको, बँकेचं खातं चालवणारी हवी.

राहता राहिलं पोलीस ठाणं. पाहुण्यांची वही घाला. नाव, कायमचा पत्ता, कुठून आले, कुठे जाणार, येण्याजाण्याची वेळ, ओळखपत्राची प्रत आणि सही. भाडेकरूची माहिती आपल्या हद्दीच्या ठाण्यात द्या, आणि रोजच्या पाहुण्यांबद्दल काय अपेक्षा आहे ते तिथेच विचारून घ्या. परदेशी नागरिक उतरला तर गोष्ट वेगळी. तो आल्यापासून २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावंच लागतं. सी फॉर्म म्हणतात तो हाच. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा परदेशी नागरिकविषयक कायदा लागू झाला, त्यातही ही जबाबदारी जागा देणाऱ्यावर आहे, मग ते मोठं हॉटेल असो की तुमची मागची खोली. ही माहिती भरायला आधी लॉगिन काढून ठेवावं लागतं, आणि ते काम पाहुणा दारात उभा असताना होत नाही.