पडदा-कुलूप, संगणकाचे

संगणक चालू ठेवून वापरणारी व्यक्ती जागेवरून उठली असता तिच्या अनुपस्थितीत दुसऱ्या कोणासही तो हाताळता येऊ नये, यासाठी पडद्यावरील मजकूर झाकून कळफलक व माऊस यांद्वारे होणारा प्रवेश परवलीच्या शब्दाने रोखण्याची व्यवस्था. हे कुलूप दीर्घकाळ पडदारक्षक म्हणजेच स्क्रीन सेव्हर या कार्यक्रमाच्या जोडीने वापरले गेले. तथापि दोहोंचे मूळ हेतू भिन्न आहेत. पडदारक्षक पडद्याच्या रक्षणासाठी निर्माण झाला, तर कुलूप माहितीच्या रक्षणासाठी.

उगम : पूर्वीच्या संगणकांचे पडदे ऋण किरण नलिकेचे असत. या नलिकेच्या काचेस आतून अनुस्फुरक (इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने प्रकाशमान होणाऱ्या) द्रव्याचा लेप असतो. एकच चित्र फार काळ स्थिर राहिल्यास तेथील लेप अधिक झिजून चित्राची पुसट छाया कायमची उमटते. हे टाळण्यासाठी जॉन सोचा यांनी आयबीएम पीसीकरिता लिहिलेला कार्यक्रम सॉफ्टॉक या नियतकालिकाच्या डिसेंबर १९८३ च्या अंकात प्रसिद्ध झाला. तीन मिनिटे संगणक न हाताळल्यास त्यामुळे पडदा काळा होई. १९८९ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी आलेल्या आफ्टर डार्क या संचातील पंखधारी टोस्टरांमुळे पडदारक्षक हा करमणुकीचाही विषय झाला. द्रव-स्फटिकी पडद्यांत झिजेचा प्रश्न फारसा उरला नाही. परंतु निष्क्रियतेचा काळ मोजण्याची युक्ती कुलपास उपयोगी पडली.

कार्यपद्धती : शेवटची कळ दाबल्यापासून वा माऊस हलविल्यापासून गेलेला वेळ प्रचालन प्रणाली मोजते. ठरविलेली मर्यादा ओलांडताच पडदा झाकला जातो व परवलीचा शब्द दिल्यावाचून तो उघडत नाही. सुरक्षित प्रणालीत हा शब्द जसाच्या तसा साठविलेला नसतो. त्याचे उलट न फिरविता येणारे गणिती रूपांतर साठवितात आणि टंकलेल्या शब्दाचे रूपांतर त्याच्याशी ताडून पाहतात. कुलूप असताना सुरू असलेली कामे मागे चालूच राहतात. कालमर्यादा फार मोठी असल्यास संगणक तेवढा वेळ उघडा राहतो; फार लहान असल्यास वापरणारा कंटाळून कुलूपच काढून टाकतो. पैसे देण्याच्या कार्डांविषयीच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकात ही मर्यादा १५ मिनिटे आहे. तथापि जागा सोडतानाच कुलूप लावणे श्रेयस्कर. विंडोज एक्सपीपासून (२००१) विंडोज कळ व एल ही अक्षरकळ एकत्र दाबून ते लावता येते.

दोष : कुलूप हा केवळ पडद्यावर पसरलेला एक सामान्य कार्यक्रम असेल, तर तो बंद पाडला की कुलूपही नाहीसे होते. विंडोज ९५ मध्ये पडदारक्षकाचा परवलीचा शब्द सहज उलगडणाऱ्या सांकेतिक रूपात साठविला जाई. शिवाय संगणक पुन्हा सुरू केल्यास प्रारंभीची विचारणा रद्द करूनही पुढे जाता येई. विंडोज एनटीमध्ये मात्र कुलूप प्रचालन प्रणालीचाच भाग होते. युनिक्स गटातील प्रणालींसाठी जेमी झविन्स्की यांनी १९९२ मध्ये प्रसृत केलेल्या एक्सस्क्रीनसेव्हरमध्ये चित्रे दाखविणारे कार्यक्रम कुलपापासून वेगळे ठेवले आहेत. त्यामुळे चित्राचा कार्यक्रम कोसळला तरी कुलूप टिकते. या दक्षतेचे महत्त्व २०२१ मध्ये पुन्हा दिसले. लिनक्स मिंटमध्ये पडद्यावरील कळफलकाच्या कळा कशाही दाबल्याने कुलपाचा कार्यक्रम कोसळून संगणक उघडत असल्याचे आढळले व तो दोष दुरुस्त करण्यात आला.

मर्यादा : पडदा-कुलूप केवळ कळफलक व पडदा यांच्या वाटेने होणारा प्रवेश अडविते. संगणकातील चकती काढून दुसऱ्या यंत्रास जोडल्यास तिच्यावरील माहिती वाचता येते. त्यासाठी चकतीचे सांकेतिकीकरण आवश्यक असते. तेही संगणक चालू असताना अपुरे पडू शकते, कारण उलगडण्याची किल्ली तेव्हा स्मृतीत असते. वीज तोडल्यावरही स्मृतीतील माहिती काही सेकंद व स्मृती थंड केल्यास त्याहून अधिक काळ टिकते आणि कुलूपबंद संगणकातूनही किल्ली मिळविता येते, असे प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले. म्हणून थोड्या वेळाच्या अनुपस्थितीसाठी पडदा-कुलूप पुरेसे असले, तरी प्रवासात किंवा रात्रभर संगणक दृष्टीआड राहणार असेल, तर तो पूर्णपणे बंद करणे इष्ट ठरते.