कोई माशांचे दडणे
बुलढाणा जिल्ह्यातील जलाशयांत सोडले जाणारे रोहू व कटला आणि परसातील हौदात पाळला जाणारा कोई हे सर्व सायप्रिनिडी कुलातील मासे होत. कोई अकस्मात तळाशी दडून राहू लागल्यास त्यास केवळ बुजरा स्वभाव म्हणणे पुरेसे नाही. खंड्याच्या चोचीने एखाद्या माशाची त्वचा फाटली, की त्वचेतील विशिष्ट पेशींमधील द्रव्य पाण्यात मिसळते. त्याच्या गंधाने इतर मासे सावध होऊन दडतात. कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये मिनो माशांत ही प्रतिक्रिया वर्णिली. उलटपक्षी, प्राणवायू अपुरा पडल्यास मासे पृष्ठभागी येतात. यास्तव दडलेल्या माशांस जाळ्याने हुसकू नये. त्वचा खरचटल्यास तेच भयसूचक द्रव्य पुन्हा पाण्यात उतरते. पाणवनस्पतींचा आडोसा द्यावा आणि पक्ष्यांचा उपद्रव थांबवावा.