वाचता येत नाही म्हणजे डोकं नाही, असं नव्हे

पालकहो आणि वरच्या वर्गातील मुलांनो,

या खेपेस शुद्धलेखनाचे नियम द्यायचे ठरले होते. ते पुढच्या अंकात देऊ. गेल्या पालकसभेत एक वडील उठून म्हणाले, "बाई, आमच्या पोराच्या डोक्यात काय शिरंना. चौथी झाली की गवंड्याच्या हाताखाली धाडतो." असं म्हणणारे ते एकटे नाहीत, म्हणून हा लेख.

त्या मुलाचं नाव मी लिहीत नाही. पण त्याला आपल्या खिंडीतली प्रतापराव गुजरांची गोष्ट सांगायला लावा. २४ फेब्रुवारी १६७४, समोर बहलोलखानाची फौज, इकडं सात घोडी, सगळं तो हातवारे करून असं सांगतो की वर्ग गप्प बसतो. तीच गोष्ट पाच ओळींत लिही म्हटलं, की पाटी कोरी. फार रेटलं तर 'घोडा'चा 'धोडा' होतो, 'खिंड'ची वेलांटी भलतीकडंच जाते, आणि पोरगं पोट दुखतंय म्हणून बाहेर पळतं. डोकं नसतं तर गोष्ट कुठून आली असती?

याला अध्ययन अक्षमता म्हणतात. बुद्धी चांगली, डोळे-कान चांगले, शाळेत येणं नियमित, शिकवणं ठीक, आणि तरीही वाचन, लेखन किंवा हिशेब यांपैकी एखादी गोष्ट बसत नाही. वाचनाच्या अडचणीला डिस्लेक्सिया, लेखनाच्या अडचणीला डिस्ग्राफिया आणि गणिताच्या अडचणीला डिस्कॅल्क्युलिया अशी नावं आहेत. हा आजार नव्हे. तो गोळीनं जात नाही, अंगाऱ्यानं जात नाही आणि छडीनं तर मुळीच नाही. मेंदू अक्षर आणि आवाज यांची सांगड वेगळ्या रीतीनं घालतो, एवढंच. पुष्कळदा तो घराण्यातून येतो. वडिलांना विचारलं तर तेही हळूच म्हणतात, "मलाबी वाचाय जमत नव्हतं."

ही गोष्ट नवी नाही. १८९६ साली इंग्लंडातल्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिकत छापली. मुलगा हुशार, खेळात पुढं, पण स्वतःचं नाव लिहितानासुद्धा त्याची अक्षरं मागंपुढं होत. त्याच्या मास्तरांचं म्हणणं असं, की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेत पहिला आला असता. (थोर शास्त्रज्ञांनाही हेच होतं, असं सांगायची हल्ली पद्धत आहे. त्याला धड पुरावा नसतो, म्हणून मी ती नावं घेत नाही. आपल्या पोराला शिकवायला आईनस्टाईन कशाला हवा?)

आपल्याकडं महाराष्ट्र सरकारनं १९९६ साली अशा मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. २००७ साली 'तारे जमीन पर' सिनेमा आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घरोघर गेला. पण तो शहरातल्या इंग्रजी शाळांचा विषय, असा समज मात्र राहून गेला. तो चुकीचा आहे. शंभर मुलांमागं पाच ते पंधरा मुलांना ही अडचण असते असं सांगतात. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात एक-दोघं तरी असायचेच, मग वर्ग मुंबईत असो की नेसरीत.

आता मराठीत ते कसं दिसतं ते पाहा. आपली लिपी जशी बोलावी तशी लिहावी अशी आहे, त्यामुळं असं मूल पुष्कळदा बरोबर वाचतं, पण बैल चढावर गाडी ओढतो तसं. ओळीच्या शेवटी पोचेतो सुरुवात विसरलेली असते. घ-ध, भ-म, ब-व यांची गल्लत होते. 'ख' सुटा होऊन 'रव' होतो. 'कि' म्हणताना आधी क आणि मग इ येते, पण लिहिताना वेलांटी क च्या आधी येते. 'सूर्य' म्हणताना र आधी, पण कागदावर तो य च्या डोक्यावर बसतो. आपल्याला सवयीनं हे खटकत नाही. त्या मुलाला मात्र रोजचं कोडं असतं. आकड्यांतही तेच. ३ आणि ६ एकमेकांची आरशातली रूपं आहेत. आपण 'सदतीस' म्हणतो, म्हणजे तोंडात सात आधी आणि तीस नंतर, पण लिहिताना तीन आधी. मग मूल ७३ लिहितं. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'तीस सात' अशी वाचनाची रीत दिली तेव्हा लोकांनी बरीच थट्टा केली. माझ्या मते अशा मुलांना ती रीत फार उपयोगी आहे. 'सदतीस' सोबत राहू द्यावं.

पण सावध! चुकणारं प्रत्येक मूल यात बसत नाही. पहिलीतली मुलं अक्षरं उलटी काढतातच, ती बहुधा आपोआप सुटतात. 'पाणी'ला 'पानी' आणि 'शाळा'ला 'साळा' लिहिणं ही घरची बोली आहे, दोष नव्हे. घरी कानडी बोलणाऱ्या मुलाला मराठीला वेळ लागतो. आई-बापाबरोबर ऊसतोडीला चार-पाच महिने गेलेल्या मुलाला तर शिकवलेलंच नसतं, मग अक्षम कसं म्हणायचं? आणि काही वेळा नुसता चष्मा लागलेला असतो.

म्हणून पारखायचा क्रम असा ठेवावा. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. मग हजेरीपत्रक पाहायचं. नंतर काही महिने वेगळ्या रीतीनं शिकवून वहीत नोंद ठेवायची, कोणतं अक्षर, कितीदा, कुठं अडतं ते. एवढं करूनही गाडी हलली नाही, तर गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना दाखवायचं. बुद्धिमापन आणि वाचन-लेखनाची चाचणी हे तज्ज्ञ मानसशास्त्रज्ञाचं काम, मास्तरांचं नव्हे. मराठीतून घ्यायची चाचणी आता आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं २०१५ साली 'डाली' नावाचा संच काढला, त्यात हिंदी, कन्नड, इंग्रजीसोबत मराठीही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अडचण समाविष्ट झाली, आणि २०१८ च्या सूचनांप्रमाणे तिसरीत किंवा आठव्या वर्षी शाळेनं पहिली चाळणी करायची आहे. दाखला मिळाला तर दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. "दाखल्यानं पोराला शिक्का बसंल," असं एक माउली म्हणाल्या. अहो, 'ढ' हा शिक्का आधीच बसलाय की! पाचवीला २०२३-२४ पासून पुन्हा वार्षिक परीक्षा आली आहे. आत्ता हातपाय हलवले नाहीत तर नापासाचा आणखी एक शिक्का बसेल.

दाखला येईल तेव्हा येईल, शिकवणं थांबत नाही. मी परातीत वाळू पसरते. मुलानं अक्षर बोटानं गिरवायचं आणि त्याच वेळी तोंडानं आवाज काढायचा. डोळा, कान आणि हात तिन्ही एकदम कामाला लागतात. शब्द चिंचोक्यांवर तोडायचा. 'क-म-ळ' म्हणत तीन चिंचोके सरकवायचे, मग मधला काढून टाकला तर काय उरलं ते विचारायचं. पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खाच पाडून ती पुस्तकावर ठेवायची, म्हणजे बाकीच्या ओळी डोळ्यांत घुसत नाहीत. एकच उतारा चार दिवस वाचायचा. एका वेळी दहा मिनिटं पुरे, पण रोज. हिशेबाला खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे जुडगे बांधायचे. तीन जुडगे आणि सात सुट्या काड्या हातात आल्या की सदतीस उलटे होत नाहीत. चुकलेला शब्द वीस वेळा लिहायला लावू नये, चूकच पक्की होते. सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला उभं करू नये. इतिहास, परिसर यांची उत्तरं तोंडी घ्यावीत.

तो मुलगा सध्या चार-पाच ओळींचा उतारा अडखळत का होईना, शेवटपर्यंत वाचतो. जोडाक्षरं अजून अडतात. किती दिवस लागतील ते मी सांगू शकत नाही, वर्षंही लागतील. त्याच्या वडिलांनी दिवाळीपर्यंत थांबायचं कबूल केलं आहे. मी म्हटलं, दिवाळी नव्हे, दहावीपर्यंत. ते हसले, हो म्हणाले नाहीत.

शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. आता दंड नाही. वरच्या वर्गातल्या मुलांना मात्र एक काम आहे. मधल्या सुट्टीत दोघांनी मिळून एका लहान मुलाला त्याचा पाठ वाचून दाखवायचा, त्यानं फक्त बोट फिरवत ऐकायचं. नावं माझ्याकडं द्या.

शनिवारी शाळा सकाळची असते. सुटल्यावर मी तासभर वर्गात थांबते. ज्यांना आपल्या मुलाविषयी शंका असेल त्यांनी यावं. मुलाच्या जुन्या वह्या आणाव्यात, रद्दीत घातल्या नसतील तर पहिलीपासूनच्या, आणि जमल्यास खराट्याच्या काड्याही.