मूत्रपिंडाचा मिठाचा हिशेब

मूत्रपिंडांतून दररोज सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यात जवळपास दीड किलो मिठाइतके सोडियम असते. त्यातील ९९ टक्क्यांहून अधिक सोडियम सूक्ष्म नलिका रक्तात परत पाठवितात. नलिकेचा आरंभीचा भाग सुमारे ६५ टक्के, हेन्लेचे वळण २५ टक्के, तर त्यापुढील भाग ५ टक्के सोडियम शोषून घेतो. अखेरच्या टप्प्यात उरलेल्या सोडियमचे नियमन अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक करते.

लघवी वाढविणारी औषधे याच टप्प्यांवर काम करतात. फ्युरोसेमाइड हेन्लेच्या वळणात, थायाझाइड त्यापुढे, तर स्पायरोनोलॅक्टोन अखेरच्या टप्प्यात शोषण रोखते. पहिल्या दोन औषधांमुळे रक्तातील पोटॅशियम घटू शकते, तिसऱ्यामुळे वाढू शकते. दोन्ही स्थिती हृदयाला घातक ठरू शकतात. त्यामुळे अशी गोळी परस्पर बदलणे धोक्याचे आहे.